टिपणीसबाईंच्या कोऱ्या पट्ट्या

दोन हजार बावीस साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. त्या साली, संक्रांत होऊन गेल्यावर, टिपणीसबाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या. आता त्या नाहीत. गेल्या तेव्हा पेपरात चार ओळी आलेल्या. रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, ठाण्यात राहायच्या, मागे एक भाची आहे. संपलं. त्या चार ओळी वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला घेतलं. माझं शिक्षण चौथी. पण बाईंबरोबर दोन वर्षं काम मी केलं, त्या पेपरवाल्याने नाही.

कल्याणला जुन्या बाजारात माझं तांबटाचं दुकान आहे. आजोबा कोकणातून आले तेव्हापासूनचं. पूर्वी आमच्या गल्लीत ठोक्यांपुढे बोललेलं ऐकू यायचं नाही. आता मी एकटाच ठोकतो. मुलगा दिव्याला राहतो, कंपनीत जातो, त्याने हातोडी कधी धरली नाही आणि मीही त्याला धर म्हटलं नाही.

बाई आल्या तेव्हा दुपार होती. बुटक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, सुती साडी, पायात पुरुषी सँडल आणि पाठीला शाळकरी पोरासारखं दप्तर. म्हणाल्या, "बोटभर रुंदीच्या तांब्याच्या पट्ट्या हव्यात. तांबं शुद्ध हवं."

"शुद्धच असतं माझ्याकडे."

"कशावरून?"

पन्नास वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जिभेवरून." पत्र्याचा तुकडा घासला, जिभेला लावून दाखवला. "भेसळ असली की चव बदलते. तुम्हाला नाही कळायचं ते."

बाईंनी हात पुढे केला. तुकडा घेतला, पदराला पुसला आणि चाटला. भर बाजारात. समोरचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून बघत राहिला.

"मला काहीच कळलं नाही," त्या म्हणाल्या. "भेसळीचा द्या." दिला. तो चाटला. पुन्हा पहिला मागितला. मग डोळे मिटून म्हणाल्या, "आता न सांगता द्या." मी चार वेळा दिला. त्यांनी तीनदा बरोबर सांगितलं.

"चारातले तीन म्हणजे काही नाही, ते नुसत्या अंदाजानेही येतात," डोळे उघडून म्हणाल्या. "पण तुम्हाला कळत असावं. मी शिकायला येत जाईन, मास्तर."

मला वाटलं टिंगल करतायत. चौथी शिकलेल्याला मास्तर म्हणायचं म्हणजे दुसरं काय. पण पुढे दोन वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, आणि त्यांच्या घरी येणाऱ्या शिकल्या-सवरल्या लोकांसमोरसुद्धा मास्तरच म्हणायच्या.

हे "कशावरून" त्यांच्या तोंडात बसलेलं. भटजीला विचारायच्या, डॉक्टरला विचारायच्या. वर्तकनगरला त्यांची जुन्या कॉलनीतली बिल्डिंग, तिसरा मजला. खाली हिराबाय म्हणून आंबिवलीकडची एक बाई रोज सकाळी पालेभाजीची पाटी घेऊन बसते. तिच्याशी बाईंची ओळख याच शब्दावर झालेली. हिराबाय म्हणाली, "बाय, मेथी ताजी हाय." बाई म्हणाल्या, "कशावरून?" हिराबायने लुगडं वर करून पाय दाखवले. "माजे पायांवरून. बघ, चिखल अजून सुकला नाय." बाईंना हे उत्तर इतकं आवडलं की पुढे कॉलेजात पोरांना सांगायच्या, पुरावा असा द्यावा.

एकदा हिराबाय पंधरा दिवस आली नाही. आली तेव्हा सांगितलं, नातू गेला. सव्वा महिन्याचा. आईला दूध नव्हतं, डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजत होते. ओठ निळे पडले, नखं निळी पडली. दवाखान्यात म्हणाले, हृदयाला भोक असेल.

आणि बाईंच्या तोंडून सवयीने गेलं, "कशावरून?"

हे त्यांनीच मला सांगितलं, पुष्कळ दिवसांनी. म्हणाल्या, "मास्तर, ती उठली. पाटी उचलून पलीकडच्या बिल्डिंगखाली जाऊन बसली." दुसऱ्या दिवशी बाई तिथं गेल्या, रस्त्यावर तिच्या शेजारी बसल्या, माफी मागितली आणि विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं. पाणी तपासलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शेतात टाकलेला युरिया आणि संडासाच्या टाक्यांतून झिरपणारी घाण, दोन्ही जमिनीत मुरून विहिरीत उतरतात. त्यातून पाण्यात नायट्रेट येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाचं लगेच काही बिघडत नाही. तान्ह्या पोराचं रक्त मात्र त्याने बाधतं, अंगाला हवा पुरत नाही, पोर निळं पडतं. आणि पाणी उकळलं तर हे जात नाही. पाणी आटतं, ते राहतं. हिराबायच्या घरात नातवासाठी पाणी दोनदा उकळायचे. जितकी काळजी तितकं जास्त.

मी विचारलं, "मग फिल्टर बसवा की."

"एका पुढाऱ्याने बसवला होता. बोर्ड मशीनपेक्षा मोठा. एक पावसाळा चालला. आणि चालत होता तेव्हा गाळून उरलेलं घाण पाणी लोक कुठे ओतायचे, सांगा."

"कुठे?"

"विहिरीच्या कडेला."

म्हणून त्यांना ते नुसतं काढायचं नव्हतं, त्याचं दुसरं काहीतरी करायचं होतं. उन्हाचं पॅनेल, त्यातून वीज, ती पाण्यातल्या तांब्याच्या पट्टीला द्यायची. पट्टीवर नायट्रेटचा अमोनिया होतो. तो ॲसिडात धरला की खत. पाणी सुधारेल, खत मिळेल, विजेचं बिल नाही.

"अमोनिया म्हणजे काय पण?"

"सार्वजनिक मुतारीत शिरलात की डोळ्यांत जातो तो."

त्यांच्या गच्चीवर हा संसार मांडलेला. एका बाजूला लोकांचे पापड, एका बाजूला बाईंचं पॅनेल, काचेचे डबे, नळ्या. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. मी पट्ट्या द्यायला गेलेलो.

"मॅडम, इथं अमोनिया बनतो म्हणे. उद्या फुटला तर?"

"कशावरून फुटेल?"

"नाही, म्हणजे केमिकल आहे ना."

"तुमच्या बाथरूममध्ये याच्यापेक्षा जास्त आहे. रोज सकाळी बनवता, अजून फुटला नाही."

सेक्रेटरी खाली गेले. पापडवाल्या बायका आठवडाभर हसत होत्या.

बाईंकडे कॉलेजचं एक जुनं हजेरीपुस्तक होतं. त्यात एकच विद्यार्थी, सूर्य. रोज किती वाजता उगवला ते नाही, गच्चीवर ऊन किती वाजता पोचलं, ढग कधी आले, ते लिहायच्या. हजर, गैरहजर, उशिरा आला. जुलैमध्ये पानंच्या पानं गैरहजर. म्हणायच्या, "या पोराला कॉलेजातून कधीच काढून टाकलं असतं, पण दुसरा कोणी ॲडमिशन घेत नाही."

आता कोरीचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

बाई कोणताही प्रयोग दोनदा करायच्या. एकदा खरा, एकदा कोरा. खऱ्यात विहिरीचं पाणी, कोऱ्यात साधं शुद्ध पाणी, बाकी सगळं सारखं. दोन्हीत शेवटी एका बाटलीतलं औषध थेंब थेंब टाकायच्या. अमोनिया असला की पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. खरं पिवळं आणि कोरं पांढरंच राहिलं, तर अमोनिया नायट्रेटचा. कोरंही पिवळं झालं तर अमोनिया कुठूनतरी बाहेरून शिरला, प्रयोग फुकट. "कोरीशिवाय काही खरं नाही, मास्तर." घरातही हेच. चहाने डोकं थांबतं का बघायला आठ दिवस कपात नुसतं गरम पाणी प्यायल्या. भाची म्हणाली, मावशी, डोकं तुझंच आहे, त्याला तरी कोरं सोड.

त्यासाठी मी त्यांना दोन जोड करून दिलेले. खऱ्याच्या पट्ट्या आणि कोरीच्या पट्ट्या. काम झालं की पट्ट्या काळ्या पडायच्या. त्या मी कल्याणला आणायचो, साफ करायचो, धुतलेल्या फडक्यात बांधून परत न्यायचो. साफ करायला बाईंनी एका बाटलीत पातळ ॲसिड दिलेलं. त्याने कोरीच्या पट्ट्या मी धुवायचो. त्यांना काय, त्या कोऱ्याच, त्यांच्याकडून काही निघायचं नव्हतं. पण खऱ्याच्या पट्ट्यांना ते पाणचट काम मला पटेना. माझ्या हातची वस्तू अशी मळकट गुलाबी दिसलेली मला चालत नाही. त्या मी आमच्या रीतीने करायचो. पट्टी भट्टीवर तापवायची, वर नवसागर भुरभुरायचा, कापसाने दाबून पुसायची. पांढरा धूर निघतो आणि तांबं असं उजळतं की नवरीने बघावं. कल्हईवाले, तांबट, सगळे पिढ्यान् पिढ्या हेच करतात. मग पाण्यातून काढली की झालं.

हे मी बाईंना सांगितलं नाही. लपवलं असं नाही. साफ कसं करायचं ते तांबट सांगत बसत नाही, एवढंच. मी पट्ट्या पुढे केल्या आणि म्हटलं, "धुतल्यात." बाईंनी घेतल्या. जगातल्या सगळ्या माणसांना कशावरून विचारणाऱ्या बाईंनी मला त्या वेळी विचारलं नाही. चारातले तीन ओळखले तेव्हापासून त्या मला विचारेनाशा झालेल्या.

आणि अमोनिया यायला लागला. पहिल्या उन्हाळ्यात थोडा, मग मी पट्ट्यांच्या कडा दुमडून दिल्या, पत्रा जास्त बसावा म्हणून, आणि तो भरपूर यायला लागला. हळदीच्याही पुढे, केशरी. कोरी पांढरीस्वच्छ. बाई नाचायच्या बाकी होत्या. एकच गोष्ट त्यांना खटकायची. पहिल्या तासाला भरपूर यायचा, मग उतरायचा. पट्टी नवीन केली की पुन्हा भरपूर. म्हणाल्या, पट्टी दमते. त्यावर त्यांनी पाच-सहा पानं लिहिली. ती पानं मी पाहिलीत, त्यात माझं नाव आहे, तांब्याच्या कामाबद्दल आभार म्हणून. ते मी फ्रेम करून दुकानात लावणार होतो.

तेवीस सालच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं हिराबायच्या वाडीत गेलो. आंबिवली स्टेशनपासून पाऊण तास चालायचं. एका बाजूला भाजीचे वाफे, एका बाजूला नव्या उठलेल्या चाळी, त्यांच्या टाक्यांचं पाणी उघड्या चरातून वाहतंय, आणि मध्ये विहीर. माझ्या मुलाच्या दिव्याला नळाला पाणी नाही, इथं विहीर काठोकाठ.

हिराबाय म्हणाली, "पानी त गोर हाय बाय. आमचे सासऱ्याचे वक्तापासून आमी पितांव."

बाईंनी वाद घातला नाही. वाडीतल्या बायका जमलेल्या. हिराबायची सून पोटुशी होती, ती भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, मशीन कसं असेल, कुठे बसेल. बाईंनी आपले आकडे दिल्लीला सरकारी खात्यात कळवलेले, तिथले लोक बघायला येणार होते, त्यांनी पत्र पाठवलेलं. पसंत पडलं तर पहिलं मशीन इथंच. तोवर बाळाला या विहिरीचं पाणी नको, स्टेशनकडून आणा.

सुनेने विचारलं, "माजा होईल तवर येल का मशीन?"

बाई कधी "हो" म्हणायच्या नाहीत. "शक्यता आहे", "बघावं लागेल", असंच. त्या दिवशी म्हणाल्या, "हो. येईल."

वाटेत मी म्हटलं, "बाई, कशावरून?" मस्करीने म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिच्याकडे बघून दुसरं तोंडातून निघेना."

पुढच्या महिन्यात वाडीतल्या बायकांनी विहिरीजवळ मशीनसाठी ओटा बांधला. दगड त्यांनीच आणले, शेणाने सारवला, वर रांगोळी काढली.

दिल्लीचे लोक फेब्रुवारीत यायचे होते. त्याच्या आधी चार दिवस बाई पेढे घेऊन कल्याणला आल्या. न कळवता आलेल्या. मी भट्टीवर होतो. पट्टी तापलेली, मी नवसागर टाकला आणि पुसायला लागलो. धूर वर गेला. बाई दारातच थांबल्या.

"मास्तर, हे काय टाकलंत?"

"नवसागर."

"नेहमी टाकता?"

"पहिल्यापासून. म्हणून तर एवढं निघतं तुमचं," मी म्हटलं. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू.

"आणि कोरीच्या पट्ट्यांना?"

"त्यांना कशाला? त्यांना तुमच्या बाटलीतलं."

बाई आत आल्या, पेढ्यांचा पुडा ऐरणीवर ठेवला आणि माझ्या बसायच्या पाटावर बसल्या. दप्तरातून एक काचेचा पेला काढला, शुद्ध पाण्याची बाटली काढली. "ती पट्टी थंड करून धुवा. नेहमी धुता तशी. द्या इकडे." मी दिली. त्यांनी ती पाण्यात सोडली. ऊन नाही, वीज नाही, नायट्रेट नाही. थोडा वेळ बसून राहिल्या. मग पट्टी काढली आणि औषधाचे थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं. मग केशरी झालं.

दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. तिन्ही तसंच. बाई पेला उजेडाकडे धरून बघत होत्या. म्हणाल्या, "छान आलंय."

मग मला समजावलं, रागावल्या नाहीत. नवसागरातच अमोनिया असतो. तापवलं की धुरात तोच असतो. कडा मी दुमडलेल्या, तिथं तो अडकून बसायचा, वरच्यावर धुऊन निघायचा नाही. पाण्यात सोडला की पहिल्या तासाला बाहेर यायचा. पट्टी दमत नव्हती. आणि कोरीच्या पट्ट्यांना मी कधी नवसागर लावलाच नाही, म्हणून कोरी पांढरी राहायची. त्या धुराचा वास मी जन्मापासून घेतलाय. माझ्या नाकाला तो वास वाटतच नाही.

त्यांनी दिल्लीला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग सगळ्या पट्ट्या नवीन करायला लावल्या, समोर बसून ॲसिडाने धुवून घेतल्या, आणि आठ दिवस गच्चीवर प्रयोग केला. ऊन कडक. पिवळं आलं, पण लिंबूसरबतासारखं. "बनतोय, मास्तर," म्हणाल्या. "खोटं नव्हतं सगळं. पण इतका कमी, की वाडीची विहीर साफ व्हायला हिराबायच्या पणतूचे नातू यावे लागतील."

नवव्या दिवशी एका बैठकीत दिल्लीला पत्र लिहिलं. इंग्रजीतलं, मला वाचून मराठीत सांगितलं. माझ्या पट्ट्या स्वच्छ नव्हत्या, आधी कळवलेले सगळे आकडे चुकीचे आहेत, मी ते मागे घेते.

"माझ्या म्हणजे कोणाच्या?" मी विचारलं.

"माझ्या."

"पट्ट्या मी केल्या. नवसागर मी लावला. माझं नाव लिहा."

"प्रयोग ज्याचा, चूक त्याची. मी विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

"आभाराच्या कागदावर माझं नाव चालतं आणि या कागदावर चालत नाही?"

"मास्तर, त्यांना तुमच्या नावाचं काय करायचंय?"

हे ऐकून मी उठलो. मला वाटलं, माझी चूकसुद्धा ही बाई मोठेपणा करून घेऊन टाकते, म्हणजे मी कोणीच नाही, त्यांच्या हाताखालचा एक अडाणी, त्याचं कशाला मनावर घ्या. मी म्हटलं, "मला मास्तर म्हणू नका यापुढे." आणि जिना उतरलो.

आठ महिने गेलो नाही. मी हट्टी आहे, घरात कोणालाही विचारा. बायको असती तर तिने ढकलून पाठवलं असतं. बाईंनी दोनदा फोन केला, मी घेतला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, चूक तुमची आणि रुसलात पण तुम्हीच?" त्याला मी जेवता जेवता उठवलं. दिल्लीहून दोन ओळींचं उत्तर आलेलं, प्रामाणिकपणाबद्दल आभार, फाईल बंद. ते मला पुढे भाचीकडून कळलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, पॅनेल, डबे सगळं खाली आलं, ते परत वर गेलं नाही.

चोवीसच्या नोव्हेंबरात भाचीचाच फोन आला. "मास्तर, मावशी फार आजारी आहे. पोटात निघालंय. तुम्हाला विचारतेय." मी त्याच दिवशी सकाळी गेलो.

बाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या. साडी अंगावर टांगल्यासारखी. मला बघून म्हणाल्या, "या मास्तर." मी स्टूल ओढून बसलो.

"वाडीत गेला होतात?"

"नाही."

"मीही नाही." खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली हिराबाय पाटी घेऊन बसलेली. "दिल्लीला एका बैठकीत लिहिलं. हिला आठ महिने सांगता येत नाही. मी खाली उतरतच नाही. भाजी भाची आणते."

भाची म्हणाली, "ती रोज विचारते, बाय कशी आहे, मशीन कधी येणार. मी सांगते, मावशी बरी झाली की. मग ती जास्तीची जुडी देते, बायला खायला घाल म्हणून."

"सुनेला मुलगी झाली," बाई म्हणाल्या. "सहा महिन्यांची आहे. मी हो म्हटलं होतं."

मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो खाली."

"नाही. मी सांगणार." आणि उठल्या. भाची नको म्हणत होती. बाईंनी सँडल घातले, त्याला बराच वेळ लागला. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. तिसरा मजला उतरलो. दुसऱ्यावर थांबलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर खालचा आवाज ऐकू यायला लागला. हिराबाय कोणालातरी सांगत होती, माठ कोवला हाय, घे गं, भाव नको करू.

बाई पायरीवर बसल्या. "दहा मिनिटं, मास्तर. मग जाऊ."

मी शेजारी बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वरचे लोक आम्हाला वळसा घालून उतरत होते, नमस्कार करत होते. बाई जमिनीकडे बघत होत्या. ओठ हलत होते, वाक्य जुळवल्यासारखे. एकदा उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. मी बघितलंय, या बाईंनी सेक्रेटरीला, भटजीला, डॉक्टरला तोंडावर सुनावलेलं. मग खाली पाटी आपटल्याचा आवाज आला, गोणपाट झटकल्याचा आवाज आला. हिराबाय उठली. तिच्या पावलांचा आवाज गेटपर्यंत गेला आणि रस्त्यात मिसळला.

"गेली," बाई म्हणाल्या.

भाची खाली आली, तिने त्यांना काखेत धरून उठवलं. मी खालीच राहिलो. बाई एकेक पायरी चढत वर गेल्या, पाठमोऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. सँडलचा पट्टा सुटलेला, तो मागे फरफटत होता. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत. दहाव्या दिवशी गेल्या.

पण त्याआधी, जिन्यावर बसलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी उजाडता, मी आंबिवलीला उतरलो. हिराबाय विहिरीवर मेथीच्या जुड्या धूत होती. ओट्यावर कपडे वाळत घातलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मशीन येणार नाही, आलेलं सगळं खोटं होतं, ते माझ्या हाताने झालं, बाईंच्या नाही. तिला नवसागर माहीत होता, कल्हईवाला वाडीत यायचा. तेवढं तिला लगेच समजलं.

"बायला ठाव हाय?"

"हो. फेब्रुवारीपासून."

"म्हून ती खाली येत नाय." तिने जुडी झटकून पाटीत ठेवली. "मना वाटला, माजाच काय चुकला."

सून पोरीला कडेवर घेऊन आली. पोर गुबगुबीत होती, मूठ चोखत होती. हिराबाय तिला म्हणाली, "नाय येत मशीन." सुनेने दुसऱ्या हातातला तांब्याचा हंडा खाली ठेवला. त्याच्या बुडाशी ओल होती.

"दादूस, तू तांबट ना," हिराबाय म्हणाली. "यो हंडा गलतंय. स्टेशनचा पानी रोज कोन आननार. बघ जरा."

पिशवीत हातोडी आणि झाळायचा डाख होता, तो मी बाहेर जाताना घेतोच. ओट्यावरचे कपडे बाजूला सारून बसलो. तिने चुलीतले निखारे आणून दिले. भेग बोटाच्या पेराएवढी होती. ठोकून मिटवली, वर डाख दिला, थंड होऊ दिला. हिराबायने विहिरीतून बादलीने पाणी ओढून हंडा भरला, उचलून बूड बघितलं. थेंब नव्हता. तिने तो सुनेच्या डोक्यावर चढवला.